खानदानी बिघाड

जुन्या मोटारीच्या मालकाचा स्वभावविशेष असा, की गाडी बंद पडलीच तर तिचे दुखणेही खानदानी असावे अशी त्याची मनोमन इच्छा असते. म्हणून कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली, १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून ओळखली जाणारी गाडी रस्त्यात उभी राहिली, की तो आधी कार्बुरेटर उघडतो, मग डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट घासतो आणि इग्निशन स्विचकडे, म्हणजे चावीच्या एका खटक्यावर बॅटरीचा प्रवाह कॉइलला आणि पुढच्या खटक्यावर सेल्फला पोचवणाऱ्या साध्या डबीकडे, सर्वांत शेवटी वळतो. प्रस्तुत लेखक याच संप्रदायातला असल्याने पुढील विवेचनात निःपक्षपातीपणा शोधू नये.

वास्तविक खूण सोपी असते: सेल्फ मारेपर्यंत इंजिन फुरफुरते आणि चावीवरचा हात सैल पडताच विझते, कारण स्विचमधला चालू स्थितीचा संपर्कबिंदू झिजलेला असतो. परंतु हे अमरावती-अकोला रस्त्यावर घडावे, हे विशेष लाजिरवाणे. जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर, लोणी ते माना या टप्प्यात, ७५ किलोमीटर सलग डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत होऊन गिनीज विक्रम नोंदला गेला. आधीचा विक्रम कतारचा, तोही अवघ्या २५.२७५ किलोमीटरचा आणि त्याला दहा दिवस लागलेले. हे ७५ किलोमीटर एका मार्गिकेचे असून दुपदरी हिशेबाने ते ३७.५ भरतात, असे चिकित्सक सांगतात. तथापि वऱ्हाडी माणसाने विश्वविक्रमाला दोनाने भागू नये. मालकाला भर उन्हात कार्बुरेटर उघडून पुन्हा लावायला जे दोन तास लागले, तेवढ्यात त्या मजुरांनी सुमारे १.४ किलोमीटर डांबर अंथरले होते.

मूर्तिजापूरहून आलेल्या मेकॅनिकने टेस्ट लॅम्पची एक तार अर्थिंगला, म्हणजे गाडीच्या लोखंडी अंगाला, आणि दुसरी कॉइलच्या स्विचकडील टोकाला लावली. दिवा पेटला नाही. त्याने बॅटरीवरून कॉइलला थेट तार ओढली, ज्याला धंद्यात ‘डायरेक्ट करणे’ म्हणतात, आणि इंजिन बोलू लागले. मग चावीला लोंबणारी, मालकाची आद्याक्षरे मुद्दाम कोरून घेतलेली पितळी कीचेन तळहातावर तोलून त्याने निकाल दिला, “गाडीले काई झालं नाही काका, हे घुंगरू काढा.” एवढे वजन सतत खाली ओढत राहिले, तर जुना स्विच आतून ढिला होणारच.

स्विच बदलायचा म्हणजे चावीही बदलायची, हे मात्र मालकाला लवकर पचले नाही, कारण त्या चावीचा माथा तीस वर्षे ज्या अंगठ्याने गुळगुळीत केला, तो त्याच्या वडिलांचा होता. आणि त्यांनी तिला कधी काही लटकवले नाही, फक्त काळा दोरा बांधला होता.

नव्या स्विचबरोबर दोन चाव्या मिळाल्या. दुसरी घरात अद्याप कोणी मागितलेली नाही.