ब्रायटन नव्हे, होव

मुलगा परदेशात असलेले काकाजी यवतमाळच्या प्रत्येक लेआउटमध्ये एक तरी असतातच. आमच्या लेआउटचे काकाजी इंग्लंडचे. म्हणजे जन्म दारव्ह्याचा, नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत, हेडमास्तर म्हणून निवृत्त. पण एक हिवाळा मुलाकडे काढून आले तेव्हापासून तिकडचेच. सकाळी टपरीवर आलुबोंड्यावर तर्री पडायच्या आत त्यांचं वाक्य पडतं, "तिकडे असं नसते बॉ."

तिकडे म्हणजे ब्रायटनला, असं आपण म्हणायचं नाही. "ब्रायटन नव्हे, होव." दोन्ही गावं एकमेकांना चिकटलेली, नगरपालिकाही एकच, पण होवच्या माणसाला ब्रायटनचा म्हटलं की तो तिथल्या तिथे दुरुस्ती करतो, ही त्या भागातली जुनी थट्टा आहे. काकाजींना हे उचलायला वेळ लागला नाही, कारण त्यांची सासुरवाडी वणीची. वणीकराला "यवतमाळचे का?" असं विचारून पाहा. 1905 पर्यंत अख्खा जिल्हाच वणीच्या नावानं ओळखला जायचा, हे चहा संपायच्या आत तुम्हाला कळलेलं असेल.

होवमध्येही परत ब्रन्सविक टाउन. एवढीशी वस्ती. समुद्राकडे तोंड केलेला हिरवळीचा चौक आणि त्याच्या तीन बाजूंना 1820 नंतरच्या दशकात चार्ल्स बझ्बी नावाच्या वास्तुरचनाकारानं आखलेली उंच घरं. त्यातल्याच एका घराच्या वरच्या मजल्यावर काकाजींचा मुलगा भाड्यानं राहतो. चौकातल्या घरांच्या दर्शनी भिंती सगळ्या एका फिकट क्रीम रंगाच्या, आणि तो रंग दर 5 वर्षांनी पुन्हा द्यायचा असा कायदाच आहे. "रंगाचा कायदा!" हे सांगताना काकाजींचा आवाज झेंडावंदनाचा होतो. "आणि खिडकी? दोनशे वर्षांची. मालकाले वाटलं म्हणून बदलली, असं चालत नाही. परवानगी लागते!"

ते जे सांगत नाहीत ते काकू सांगतात. ती दोनशे वर्षांची खिडकी रात्रभर दातखीळ बसल्यासारखी वाजायची. समुद्रावरचं वारं फटीतून थेट उशीपर्यंत. काकाजी माकडटोपी, दोन स्वेटर आणि सुनेचा गाऊन अशा थाटात झोपायचे. बनियान वाळायला तीन दिवस. रोज व्हिडिओ कॉल करून मला विचारायचे, "आज किती?" मी पारा सांगितला की पोरगा बोर्डात आल्यासारखे खुलायचे. मुलगा तर सांगतो, बाबा इथं होते तेव्हा बाकावर बसलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याला आमचा दुर्गोत्सव समजावून सांगायचे आणि त्यांचं एकच पालुपद असायचं, "यवतमाळले असं नसते."

समुद्र मात्र त्यांना पसंत पडला नाही. वाळू नाही, नुसते गोटे. "पैनगंगेत याहून बरे भेटतात." तिथला गोटा उचलून घरी नेणं कायद्यानं मना आहे, हेही ते कौतुकानं सांगतात. त्या वेळी काकू स्वयंपाकघरात एका गुळगुळीत करड्या गोट्यानं लसूण ठेचत असतात. बॅगेत तो कधी आला, हा प्रश्न त्या घरात कोणी काढत नाही.

काकाजींचा एक सिद्धांतही आहे. त्याचं नाव 'एकवीस साल'. पहिल्या महायुद्धात ब्रायटनच्या राजवाड्यात जखमी हिंदी शिपायांचं इस्पितळ होतं. दगावलेल्या हिंदू-शीख शिपायांना जिथं अग्नी दिला, त्या टेकडीवर संगमरवरी छत्री उभी आहे. तिचं उद्घाटन 1921 सालचं. राजवाड्याला हिंदुस्थानकडून भेट मिळालेलं दार, तेही 1921. आणि इथला कापूस न्यायला इंग्रज कंपनीनं टाकलेल्या मूर्तिजापूर-यवतमाळ रुळांवर 1994 पर्यंत 'शकुंतला' गाडी ओढणारं वाफेचं इंजिन मँचेस्टरचं, बनावट 1921 ची! "आता बोला," म्हणतात. काय बोलायचं ते टपरीवर आजवर कोणाला सुचलेलं नाही. पण त्या छत्रीजवळ, तसल्या गारठ्यात, ओल्या गवतावर त्यांनी बूट-मोजे काढले होते, हे काकूंनी सांगितलं. स्वतः ते हा भाग गाळतात.

ब्रायटनच्या किनाऱ्यासमोर पाण्यात एका जुन्या धक्क्याचा लोखंडी सांगाडा उभा आहे. 2003 मध्ये जळाला, तरी लोक अजून त्याचे फोटो काढतात. "आपली शकुंतला तर जळलीही नव्हती, तरी बंद पडली," असं म्हणून काकाजी गप्प होतात, आणि इथं मला त्यांच्यावर हसता येत नाही.

हसू येतं ते पुढच्या गोष्टीचं. लेआउटच्या दुर्गा मंडळाच्या बैठकीत वर्गणीचा विषय संपला तसे काकाजी उभे राहिले. सगळ्या घरांना एकच रंग, क्रीम, दर 5 वर्षांनी, असा ठराव त्यांनी मांडला. एकाला वास्तूवाल्यानं तोतापंखीच सांगितला होता. दुसऱ्याच्या मेव्हण्याचं रंगाचं दुकान होतं. त्यानं लगेच अनुमोदन दिलं, त्यामुळे उरलेल्यांना संशय आला. "पैसे तिकडची कौन्सिल देते का?" असं कोणीतरी विचारलं. "नाही, ज्याचे त्यानं," काकाजी म्हणाले, आणि ठराव बारगळला.

मग त्यांनी एकट्याच्या घराला रंग काढला. पेंटर शेडकार्ड पाहून वैतागला. "पांढराच मारा ना काकाजी. दोन उन्हाळ्यांत आपोआप असाच होते."

मे महिना लागला तसा माळ्यावरून कूलर उतरला. समोरच्या खिडकीची एक झडप काढली, उरलेल्या फटीत प्लाय आणि थर्माकोल ठोकला. लोखंडी स्टँड मी धरलं होतं. पहिलं पाणी भरताक्षणी गंजाचा एक ओघळ नव्या क्रीम भिंतीवरून थेट खाली. मी विचारलं, "काकाजी, तिकडे दर्शनी बाजूला याची परवानगी भेटली असती का?"

"तिकडे चव्वेचाळीस नसते बॉ," काकाजी म्हणाले. "तू पाइप धर. नळ पाचव्या दिवशी आला आहे, अन् टिल्लू पंप लावून तो तोतापंखीवाला सगळं वढून राहिला."