दुकान १ ते ४ बंद

इंग्लिश फुटबॉल प्रशिक्षक नील वॉर्नॉक निवृत्त झाल्याची बातमी ‘दुकान १ ते ४ बंद’ या पाटीसारखी वाचायची. घाबरायचं कारण नसतं. चार वाजले की फळ्या निघतात.

जन्म १९४८चा, गाव शेफील्ड. खेळायचा विंगवर. चेस्टरफील्ड, रॉदरहॅम, हार्टलपूल, स्कन्थॉर्प, अ‍ॅल्डरशॉट, बार्न्सली, यॉर्क, क्रू. पॅसेंजरची स्टेशनं वाचल्यासारखं वाटतं. एक्स्प्रेस थांबेल असं एकही नाही. या कमाईवर जन्म निघायचा नाही हे ओळखून गडी पायांवरचे उपचार शिकला. लोकांची कुरुपं काढायची, आत वाढलेली नखं कापायची आणि उरलेल्या वेळात गेन्सबरो, बर्टन असले छोटे संघ सांभाळायचे. इतक्यांचे पाय धरले, पण पंचाचे कधी धरले नाहीत.

पंच हा त्याचा जन्माचा विषय. रेषेजवळ उभं राहून हातवारे, लाल झालेला चेहरा, आणि शेजारी बिचारा चौथा पंच. लग्नात व्याह्यांच्या पंगतीतली चूक शोधत फिरणारे काका आठवावेत. २००२मध्ये वॉर्नॉकचं शेफील्ड युनायटेड घरच्या मैदानावर वेस्ट ब्रॉमशी खेळत होतं. तिघांना लाल कार्ड, दोघे दुखापतीने बाहेर. मैदानात उरले सहा. सातापेक्षा कमी माणसांत खेळ चालत नाही, म्हणून ८२व्या मिनिटाला सामनाच थांबला. संघ ०-३ मागे होता, त्यामुळे लोकांना भलतेसलते संशय आले. वॉर्नॉकने अर्थातच कानांवर हात ठेवले.

हेच शेफील्ड युनायटेड लहानपणापासून त्याचा जीव की प्राण. २००६मध्ये त्याने ते प्रीमियर लीगमध्ये नेलं आणि पुढच्याच वर्षी ते खाली आलं, तेही गोलफरकात फक्त एक गोल कमी पडून. वेस्ट हॅम मात्र वाचलं. त्यांच्या कार्लोस तेवेस या खेळाडूच्या नोंदणीतल्या भानगडीबद्दल त्यांना ५५ लाख पौंड दंड झाला होता, पण गुण कापले गेले नव्हते, आणि शेवटच्या दिवशी त्याच तेवेसने गोल केला. भावकीतला बांधाचा वाद परवडला. वॉर्नॉकसमोर आजही तेवेसचं नाव काढू नये. काढलंत, तर चहा दोनदा टाकावा लागेल.

पण संघ वर नेण्याचा हातगुण मात्र खरा. स्कारबरोपासून कार्डिफपर्यंत आठ बढत्या. एवढ्या इंग्लंडात दुसऱ्या कुणाच्या नाहीत. नोव्हेंबर २०२१मध्ये १,६०२वा सामना सांभाळून त्याने सर्वाधिक सामन्यांचा डॅरिओ ग्रॅडीचा विक्रम मोडला. समोर पुन्हा वेस्ट ब्रॉमच निघालं, आणि त्याच दिवशी मिडल्सब्रोची नोकरीही सुटली.

एप्रिल २०२२मध्ये रीतसर निवृत्ती. झालं! फेब्रुवारी २०२३मध्ये, वयाच्या ७४व्या वर्षी, स्वारी हडर्सफील्डला हजर. बुडणारा संघ काठाला लावला, तोही शेफील्ड युनायटेडला १-० हरवून. त्या रात्री याला जेवण गेलं असेल का, कोण जाणे. २०२४मध्ये अ‍ॅबर्डीनला आठ सामने. स्कॉटिश कपची उपांत्य फेरी गाठून दिली आणि त्याच दिवशी निरोप घेतला. पाहुण्याने जेवण चांगलं झालं म्हणता म्हणता चपला घालाव्यात, तसं.

मग टॉर्कीने बोलावलं. १९९३मध्ये या संघाला त्याने लीगबाहेर जाण्यापासून वाचवलं होतं. या वेळी फक्त सल्लागार म्हणून. सल्लागाराने रेषेजवळ उभं राहायचं नसतं म्हणे.