गे रेणुका!

बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या कुठल्याही गल्लीत उभं राहून ‘गे रेणुका!’ अशी हाक मारा. दोन-तीन दारांतून तरी ‘काय गे?’ असं उत्तर येणारच. सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्मा, माहूरच्या गडावर रेणुका, देवी तीच. १९५६ साली आमचा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, २००४ पासून सुप्रीम कोर्टात सीमेचा दावा पडून आहे, दुकानाच्या पाटीवरून अजून डोकी फुटतात. पण पोरीच्या बारशाला कुणी मोर्चा काढल्याचं ऐकिवात नाही. पाळण्यापाशी दोन्ही भाषांचं एकमत.

तरी रेणुका-रेणुकांत फरक आहेच. सगळ्यात थोरली ती यल्लव्वा. निपाणीच्या तंबाखूवर वाढलेली. मांडीवर सूप, सुपात पानं आणि जर्दा, बोटांना दोऱ्याचे घट्टे. मजुरी हजार विड्यांवर, म्हणून तिचे सगळे हिशेब हजारांत. नात किती वर्षांची, एवढं मात्र तिला आजवर नीट सांगता आलेलं नाही. यल्लव्वा स्वतः नवसाची, भाऊ यल्लाप्पाही नवसाचा. मार्गशीर्ष पौर्णिमेला कडबू आणि आंबिलीचा नैवेद्य घेऊन डोंगराला जायचं आणि भंडाऱ्यानं पिवळं होऊन परत यायचं. तिला जगाचा भूगोल तेवढाच ठाऊक, आणि तेवढ्यावर तिचं कधी काही अडलं नाही.

तिनं लेकीला शाळेत घातलं. घरात ‘यल्ली’ म्हणत होते, हजेरीपटावर ‘रेणुका’ लागलं. ही खरी आमची रेणुका! आता पन्नाशी ओलांडलेली, पर्समध्ये आधार कार्डाच्या चार झेरॉक्स. घरात मराठी, तहसीलदार कचेरीत कन्नड, बँकेच्या साहेबाशी हिंदी, आणि भिशीचे पैसे थकवणारणीशी तिन्ही. गल्लीत रेणुका फार, म्हणून हिची ओळख ‘भिशीवाली’. ‘मी येतो’, ‘मी सांगितलो की वो’ असं इथल्या रीतीनं ठणकावून बोलते. पुण्याची विहीण पहिल्यांदा हे ऐकून इकडंतिकडं बघायला लागली, की हे बोलतंय कोण. त्यात वीरशैव पंचाचार्यांपैकी एकाचं नाव रेणुकाचार्य, त्यामुळं कर्नाटकात हे नाव पुरुषालाही शोभतं. वरच्या कचेरीतून हिला ‘श्री. रेणुका’ म्हणून नोटीस आली, तेव्हा ही म्हणाली, ‘असू दे. श्रीमतीच्या अर्जाला वर्ष लागतंय, श्रीचं लवकर होईल.’

२०१४ च्या नोव्हेंबरात सरकारनं बेळगावचं बेळगावी केलं. हिनं कागद बदलले नाहीत. ‘गावाचं नाव त्यांनी बदललंय, झेरॉक्सचे पैसे मी का भरू?’ या प्रश्नाला दोन्ही राज्यांत कुणाकडं उत्तर नाही.

तिची लेक रेणू. कागदावर तीही रेणुकाच, आजीच्या हट्टापायी. पण आईच्या दृष्टीनं ते जुनाट झालेलं, म्हणून हाकेपुरतं रेणू. ही कॉम्प्युटरवाली. बेंगळुरूत खोली बघताना पूर्ण ‘रेणुका’ सांगते, असं अस्खलित कन्नड बोलते की मालक डिपॉझिट कमी करतो. पुण्यात गेली की रेणू, आणि ‘मी येते’ म्हणताना जीभ एकदा चाचपून घेते. तिकडचे विचारतात, ‘तुम्ही मूळच्या कुठल्या?’ ही समोरच्याचा चेहरा बघून उत्तर देते. मला विचाराल तर यात लबाडी नाही. आमच्याकडं पोरं बोलायला लागतात तेव्हाच हे शिकतात.

गेल्या वर्षी रेणूला मुलगी झाली. आता नाव हवं ते छोटं, मॉडर्न, परदेशात चालणारं, आणि कुठल्याही देवीचं नको. दोघं नवरा-बायको मोबाइलवर महिनाभर याद्या चाळत होती. भिशीवाल्या रेणुकेनं आराध्या, अन्वी सुचवून पाहिलं. वर्गात चार-चार निघतील म्हणून लेकीनं नाकारलं. शेवटी ठरलं, एला. इंग्लंड-अमेरिकेत म्हणे फार चालतं.

बारशाला खाटेवर बसलेल्या यल्लव्वाच्या कानात कुणीतरी ओरडून सांगितलं, ‘एला ठेवलंय, एला!’

म्हातारीनं दोन्ही हात कपाळाला लावले. ‘यल्ला? बरं केलासा. मी पहिल्यापास्नं तेच म्हणत होतो.’