दोन पात्यांची गाडी

देवास या एकाच गावात तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने मांडली, आणि ती दोन्ही १९४८मध्ये मध्य भारतात विलीन होईपर्यंत एकमेकांना खेटून नांदली; दरबार दोन, कारभारी दोन, हद्द गावाच्या मधूनच गेलेली, आणि तोफांची सलामी मात्र दोघांनाही सारखीच, १५ची. धारच्या पवारांनाही १५च तोफा असल्यामुळे या बाबतीत कोणालाही कोणाकडे मान वर करून पाहावे लागत नसे. ज्या मुलखात एका गावात दोन राज्ये बसली, त्या मुलखात एका गाडीत दोन गाड्या बसवण्याची आकांक्षा धरणारा गृहस्थ निपजावा, हे परंपरेला धरूनच आहे.

धार आणि देवास या दोन्ही ठिकाणी हा गृहस्थ ‘भाऊसाहेब’ या नावाने ओळखला जातो. तो राजघराण्यातला नसतो, परंतु त्याचे पूर्वज पवारांबरोबर माळव्यात आले होते, ही गोष्ट तो तिसऱ्या वाक्याच्या आत सांगतो. ते शिलेदार म्हणून आले की मुदपाकखान्याचे हिशेबनीस म्हणून, हा तपशील घराण्याच्या कागदांना लागलेल्या वाळवीवर सोपवलेला असतो. सांप्रत त्याच्याकडे सोयाबीनची जमीन, हमरस्त्यावर एखादा पेट्रोल पंप, किंवा पीथमपूरच्या औद्योगिक वसाहतीत नट-बोल्टांचा छोटा कारखाना असतो, आणि पन्नाशीच्या आसपास, मुले पुण्याला वा परदेशी गेल्यावर, त्याला आलिशान फोर बाय फोर घेण्याचे वेध लागतात.

‘फोर बाय फोर’ म्हणजे इंजिनाची शक्ती चारही चाकांना पोहोचवणारी गाडी. सामान्य मोटारीत ती पुढच्या किंवा मागच्या दोनच चाकांना मिळते आणि उरलेली दोन नुसती सोबतीला फिरतात. भाऊसाहेबांची अट अशी असते की हीच गाडी रोज देवासच्या सयाजी द्वारापासून मंडीपर्यंत आणि इंदूरला लेकीकडे लोण्यासारखी चालावी, आणि रविवारी तिने मांडूच्या डोंगरात, जिथे रस्ता संपतो तिथून पुढे, गाढवासारखी चढावी. पहिल्या कामाला मऊ आसने, शांत इंजिन आणि गुळगुळीत टायर लागतात. दुसऱ्या कामाला उंच पोट, दणकट सांगाडा आणि खवल्याखवल्यांचे टायर. या दोन पात्यांमध्ये तह घडवून आणण्याच्या कामी भाऊसाहेब सरासरीने इतका काळ घालवतात की तेवढ्यात कंपन्यांची मॉडेले बदलतात आणि वाटाघाटी नव्याने सुरू होतात. गाडी घेणे हा त्यांच्या लेखी व्यवहार असतो, निवडणे हा व्यासंग.

हा व्यासंग सकाळी पोह्यांच्या दुकानात चालतो. डिफरन्शियल म्हणजे काय, हे समजावण्यासाठी भाऊसाहेब बशीत दोन जलेब्या ठेवून त्या वळवून दाखवतात: वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते, म्हणून आसाच्या मध्यभागी दोन चाकांना निरनिराळ्या वेगाने फिरू देणारी दातेरी चक्रांची जुळणी असते, परंतु एक चाक चिखलात गेले की हीच जुळणी त्या निराधार चाकालाच गरगरा फिरवते आणि पक्क्या जमिनीवरचे चाक स्वस्थ उभे राहते. यावर उपाय म्हणजे लॉक, जे दोन्ही चाकांना एकत्र फिरायला भाग पाडते. त्याखेरीज ‘लो’ नावाचा एक जादा गिअर असतो, ज्यात वेग मुंगीचा आणि जोर हत्तीचा होतो. निरूपण इथवर येईतो जलेब्या थंड झालेल्या असतात, आणि ‘भाऊसाहेब, पण अॅव्हरेज काय देते?’ असे विचारणारा श्रोता त्यांच्या नजरेतून कायमचा उतरतो.

उमेदवारांची यादी ठरलेली असते. लँड रोव्हर डिफेंडर पहिली, कारण १९४८मध्ये अॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात मांडलेल्या मूळ लँड रोव्हरचा तो वंशज आणि २००८पासून ती कंपनी टाटांची, म्हणजे एका गाडीत विलायत आणि स्वदेशी दोन्ही साधतात. हवेच्या स्प्रिंगांवर ती ९०० मिलिमीटर खोल पाण्यातून जाते, हा आकडा भाऊसाहेबांना मुलांच्या जन्मतारखांपेक्षा पक्का पाठ असतो. दुसरी टोयोटाची लँड क्रूझर, दोन कोटींच्या पुढची, जिच्याविषयी बोलताना ते आवाज खाली आणतात. तिसरी मर्सिडीझची जी-क्लास, तीन लॉकवाली, जी घ्यायची नसते, परंतु यादीत नसली तर यादीला वजन राहत नाही.

चौथे नाव कोणी तरी भोळेपणाने सुचवतो: फोर्स कंपनीची गुरखा. या कंपनीचा कारखाना धार जिल्ह्यातच, पीथमपूरला आहे. गाडीत मर्सिडीझच्या घराण्यातले डिझेल इंजिन आहे, पुढे आणि मागे दोन्हीकडे लॉक आहेत, छतापर्यंत नेलेले श्वासाचे नळकांडे कारखान्यातूनच बसवून मिळते, आणि २०२४मध्ये पाच दरवाजांची आवृत्ती आली तेव्हा तिची किंमत १८ लाख होती. पिकते तिथे विकत नाही हा न्याय इथे तंतोतंत लागू पडतो. पीथमपुरात जी बनते ती गाडी पीथमपुरात कारखाना असलेल्या माणसाने घ्यावी, ही सूचना भाऊसाहेबांना आपल्याच वाड्यात पाहुणा म्हणून उतरण्यासारखी वाटते. याच पीथमपूरजवळ नॅट्रॅक्स ही वाहनांच्या चाचणीची राष्ट्रीय संस्था आहे, तिची ११.३ किलोमीटरची वेगवान धावपट्टी २०२१मध्ये सुरू झाली, आणि भाऊसाहेब तिचा उल्लेख ‘आपला ट्रॅक’ असा करतात, जरी त्यांचा तिच्याशी संबंध बाहेरच्या भिंतीपुरताच असला तरी. आणखी एक गोष्ट ते अभिमानाने सांगतात, ती अशी की जीएसटीचा कर ठरवतानासुद्धा सरकारने मोठी एसयूव्ही ओळखण्यासाठी जमिनीपासून १७० मिलिमीटर उंचीची कसोटी लावली आहे. गाडीच्या पोटाकडे इतक्या बारकाईने पाहणारे या देशात दोघेच, एक करखाते आणि दुसरे भाऊसाहेब.

व्यासंगाचा निकाल मात्र शेवटी आईसाहेब लावतात. गाडी जितकी उंच तितकी ती डोंगरात चांगली आणि गुडघ्यांना वाईट. म्हणून दाराखाली पायरी बसवावी, तर तीच पायरी खडकाला आधी लागते. हवेचे स्प्रिंग असलेली गाडी थांबली की खाली बसते, हे प्रात्यक्षिक भाऊसाहेब वाड्यासमोर करून दाखवतात. गाडी उंटासारखी बसते, आळीतली पोरे टाळ्या पिटतात, आणि आईसाहेब तरीही पाट मागतात. तेव्हापासून डिकीत, जिथे विलायती टोचनचा पट्टा प्लॅस्टिकच्या वेष्टनातून अजून निघालेला नसतो, तिथे त्याच्यावर सागवानी पाट कायमचा विराजमान होतो. दोन मीटर रुंदीची गाडी वाड्याच्या दरवाजातून आत येत नाही, ही अडचण त्या मानाने क्षुल्लक. ती बाहेर उभी राहते आणि तीवर झूल घातली जाते.

देवासचे भाऊसाहेब नवी गाडी प्रथम टेकडीपाशी नेतात, जिथे तुळजाभवानी आणि चामुंडा या दोन देवींना गाव बडी माता आणि छोटी माता म्हणून ओळखते. देवींच्या बाबतीतही देवासने दोन पात्या राखलेल्या आहेत. नारळ फुटतो, बॉनेटवर स्वस्तिक उमटते आणि चार चाकांखाली चार लिंबे ठेवली जातात. ती चिरडली जातात तेव्हा चारही चाकांनी मिळून केलेले ते पहिले आणि पुष्कळदा शेवटचे काम ठरते.

‘पुष्कळदा’ म्हणण्याचे कारण असे की पावसाळ्यात मांडूची सहल टळत नाही. धारहून सुमारे ३५ किलोमीटरचा हा रस्ता डांबरी आहे. काकडा खोहपाशी धुक्यात भाऊसाहेब ‘लो’ लावण्याचा विचार करीत असतानाच मागून एक तूफान येते. तूफान ही या भागातली सवारी जीप, तिची फक्त मागची चाके ओढणारी, आत हाटाला निघालेली माणसे, टपावर कोंबड्या, पोती आणि आणखी माणसे. ती हॉर्न वाजवून पुढे निघून जाते. या घटनेवर गाडीत कोणी बोलत नाही.

अस्सल ऑफ-रोड पुढे, एखाद्या मित्राच्या शेतात घडते, जिथे दाल-बाफल्यांचा बेत असतो. माळव्याची काळी माती पावसाने फुगते आणि टायरच्या खाचांत शिरून बसते, तेव्हा चाक खाचांचे राहत नाही, गुळगुळीत गोळा होते, आणि गुळगुळीत गोळे दोन असोत की चार, लॉक असोत की सुटे, ते जागच्या जागीच फिरतात. हवा कमी करून टायर पसरट करावा, तर शोभेसाठी घेतलेल्या मोठ्या रिमवर टायरची भिंत उरते चार बोटे. हवा सोडायची तर रिमच जमिनीला टेकते. शेवटी ट्रॅक्टर येतो. टोचन कुठे बांधायचे, हे कोणाला सापडत नाही, कारण पुष्कळ आलिशान गाड्यांत तो आकडा बंपरवरच्या एका चौकोनी झाकणामागे फिरवून बसवायचा असतो, आणि आकडा डिकीत, पाटाच्या, पट्ट्याच्या आणि स्टेपनीच्याही खाली, औजारांच्या डब्यात असतो. ट्रॅक्टरवाला तोवर गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून, ही किती देते, असे अत्यंत आदराने विचारून घेतो.

आईसाहेब खाली उतरत नाहीत. पाट चिखलात ठेवण्यासाठी नसतो, एवढे त्यांचे स्पष्ट मत असते. त्या मागच्या थंडगार आसनावर पदर सावरून बसून राहतात, साखळी ताणली जाते, पावणेतीन टनांची गाडी हलकेच काळ्या मातीतून सरकू लागते, आणि भाऊ आज पहिल्यांदाच दचके न देता गाडी चालवतो आहे, असे त्या शेजारी बसलेल्या सूनबाईंना सांगतात.