बाळंतपणातले अर्धवट शिवण

बाळंतपणामुळे मध्येच थांबलेले आणि पुढे कधीतरी पुन्हा हाती घेतले जाणारे कापडकाम म्हणजे अर्धवट शिवण. वऱ्हाडात ते बहुधा झबले किंवा टोपड्याच्या रूपात आढळते. पायमशीनचा ड्रॉवर, दिवाण किंवा साडीच्या दुकानाची कापडी पिशवी ही त्याची नेहमीची वस्तीस्थाने. पिशवीत कापलेला पाठीचा भाग, एक बाही, दोऱ्याचे रीळ, थोडी लेस आणि टाचण्या असतात. कात्री नसते, ती कोणीतरी नेलेली असते.

या शिवणाचा उगम सातव्या महिन्यात होतो. डोहाळजेवणाच्या आसपास, लग्नाआधी शिवण क्लास केलेल्या बाईला आपली जुनी वही आठवते. क्लासच्या सुरुवातीच्या धड्यांत झबले असतेच. वहीत त्याचे खाकी कागदाचे कटिंग चिकटवलेले असते. मग अमरावतीच्या जवाहर रोडवर मलमलची खरेदी होते. कापड दोन झबल्यांपुरते हवे असते, पण दुकानदार ‘घेऊन टाका ना ताई, एवढंच उरलं’ म्हणतो आणि सहा झबल्यांचे कापड घरी येते.

काम अर्धे सोडण्याची परंपरा या प्रांताला नवी नाही. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. पुढे 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्यांचा तिकडचा कापूस अडला आणि इकडच्या कापसाला भाव आला. रेल्वे आली, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. यवतमाळ आणि अचलपूर या दोन्ही बाजूंचा कापूस मूर्तिजापूरला आणण्यासाठी ‘शकुंतला’ ही अरुंद रुळांवरची गाडी धावू लागली. सरकी निघाली, गाठी बांधल्या गेल्या, आणि कातणे, विणणे वगैरे उरलेले काम सातासमुद्रापलीकडे झाले. तेव्हा वऱ्हाडातल्या एका सुनेचे झबले एका बाहीवर थांबले तर तिला एकटीला दोष देता येत नाही.

शिवण थांबण्याची कारणे तीन. पहिले ग्रहण. गर्भारणीने ग्रहणात सुई-कात्रीला हात लावू नये, असा समज घरोघरी आहे. वैद्यकशास्त्राला तो मान्य नाही. पण वैद्यकशास्त्र सासूबाईंच्या समोर राहत नाही. 7 सप्टेंबर 2025 चे खग्रास चंद्रग्रहण सुमारे साडेतीन तासांचे होते, वेध मात्र दुपारपासूनच लागले. शिवणाला लागलेले ग्रहण वर्षभर सुटत नाही ते वेगळे.

दुसरे कारण भूगोलाचे. पहिले बाळंतपण माहेरी होते. अमरावती ते अकोला हे अंतर साधारण शंभर किलोमीटर. मशीन सासरी अकोल्याला राहते, कापड बॅगेतून माहेरी अमरावतीला जाते आणि कात्री मूर्तिजापूरच्या नणंदेकडे निघते. तिन्ही वस्तू एकाच लोहमार्गावर असतात, पण एकाच गाडीत कधी बसत नाहीत.

तिसरे कारण स्वतः बाळ. सव्वा महिना शेक-शेगडी आणि डिंकाच्या लाडवांत जातो. त्या काळात बाळंतिणीने सुईत दोरा ओवून डोळ्यांना ताण देऊ नये, असा दंडक असतो. बाळावर मात्र कसलाच दंडक नसतो. जन्मताना त्याची लांबी साधारण 50 सेंटीमीटर असते, ती वर्षभरात 75 च्या घरात जाते. वजन पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होते. झबले खडूने आखलेले असते तेवढेच राहते.

पुनरागमनाचा काळ बहुधा उन्हाळा. पारा 45 अंशांच्या वर जातो, दुपारी रस्ते ओस पडतात आणि कूलरच्या घरघरीत मशीनची खडखड बुडून जाते. लेकरू निजते. पायमशीनला वीज लागत नाही हा तिचा मोठा गुण सांगितला जातो. पण वीज गेली की कूलर थांबतो, खडखड उघडी पडते आणि लेकरू उठते. त्यामुळे वऱ्हाडात पायमशीनही विजेवरच चालते.

मशीन पुन्हा सुरू करण्याची रीत ठरलेली आहे. आधी घट्ट झालेले जुने तेल रॉकेलच्या फडक्याने पुसावे, मग मशीनचे तेल थेंब-थेंब सोडावे आणि पहिल्या टिपा चिंधीवर माराव्यात. नाहीतर तेलाचा डाग नेमका छातीवर येतो. गंजलेली सुई बदलावी. सैल पडलेला चामडी पट्टा कापून पुन्हा जोडावा. जुना दोरा ओढून पाहावा. तुटला तर टाकून द्यावा. एवढे होईपर्यंत लेकराची झोप संपते. मशीन सज्ज असते, शिवणारी नसते.

यानंतर अर्धवट शिवणाच्या गती चार. झबले बाहुलीला होते. हा सल्ला आजीचा असतो: ‘थे झबलं आता बाहुलीले घाल व माय, लेकराले काई येत नाई.’ किंवा ते पूर्ण करून जावेच्या येणाऱ्या बाळासाठी ठेवले जाते. किंवा ते मशीन पुसायच्या कामी येते. चौथी आणि सर्वांत टिकाऊ गती म्हणजे गोधडी. गोधडीला बाही नसते, गळा नसतो, माप नसते. धावदोरा कुठेही थांबवता येतो आणि कुठूनही पुढे नेता येतो. म्हणून झोपेच्या तुकड्या-तुकड्यांत जगणाऱ्या बाईला शिवणकलेतला हाच प्रकार साधतो. त्याला प्रतिष्ठाही मोठी आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी 1876 मध्ये जन्मलेले गाडगेबाबा आयुष्यभर ठिगळे जोडलेल्या वस्त्रांत वावरले. लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा अशा नावांनीही ओळखत.

सहा झबल्यांच्या मलमलमध्ये जुन्या सुती लुगड्याचे अस्तर पडले की गोधडी तयार होते. तिचे शेवटचे टाके बहुतेक घरांत आजीच घालते. पाहुण्यांना दाखवताना मात्र ती सांगते, ‘सुनेनं शिवली,’ आणि सून ते खोडून काढत नाही.