मार नेमका कोणाला?

पत्रकारांवरचे हल्ले रोखायला महाराष्ट्राने 2017 मध्ये कायदा केला. 3 वर्षांपर्यंत कैद, 50,000 रुपयांपर्यंत दंड. वा! अट एवढीच, की पत्रकारिता हा मुख्य व्यवसाय हवा. आता नाशिक जिल्ह्यातल्या पेठचा वार्ताहर घ्या. सकाळी नागलीची आवणी, दुपारी झेरॉक्सचं दुकान, संध्याकाळी रेंज मिळेल त्या टेकाडावरून बातमी. मानधनाचं नाव नाही. दिवाळीच्या जाहिरातींचं टार्गेट मात्र न चुकता. शेजारच्या त्र्यंबकेश्वरला सप्टेंबर 2025 मध्ये पार्किंगच्या पावतीवरून पत्रकारांना मारहाण झाली. तसं इथे घडलं, तर आधी ठरवावं लागेल, मार शेतकऱ्याला बसला, दुकानदाराला की वार्ताहराला! शिवाय तक्रार खोटी ठरली तर शिक्षा तक्रारदारालाच. त्यापेक्षा मारणाऱ्या ठेकेदाराकडूनच अर्ध्या पानाची शुभेच्छा जाहिरात घेतलेली बरी.