आंबिया बहार, मृग बहार आणि लेखक आपल्या भेटीला

संत्र्याला आमच्याकडे दोन बहार येतात. आंबियाची फळं ऑक्टोबर-नोव्हेंबरात कळमन्याच्या बाजारात उतरतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चात. नागपूरच्या शाळांत लेखकही याच हिशेबानं उतरतो. 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि 14 नोव्हेंबरचा बालदिन हा आंबिया. 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन हा मृग. एप्रिल-मेमध्ये नागपुरात लेखकच काय, कावळाही घराबाहेर पडत नाही.

शेजारचं पोरगं सहावी ब मध्ये आहे. त्याच्या शाळेचा निरोप परवा व्हॉट्सअ‍ॅपवर आला. 'आगामी कार्यक्रम : लेखक आपल्या भेटीला. उपस्थिती अनिवार्य. पांढरे बूट. प्रमुख पाहुण्यांचे नाव मागाहून कळवण्यात येईल. विचारावयाचे प्रश्न सोबत जोडले आहेत.'

प्रश्न तीन होते. आपणांस लेखनाची प्रेरणा कोठून मिळाली? आपले आवडते पुस्तक कोणते? आम्हा विद्यार्थ्यांना आपण काय संदेश द्याल? लेखक कोणीही आला तरी चालतील असे हे प्रश्न आहेत. लेखक आलाच नाही आणि ऐनवेळी नगरसेवक आणावा लागला, तरीही चालतील.

"काऊन काका," पोरगं म्हणालं, "पुस्तक वाचल्याबिगर प्रश्न कसा विचाराचा?"

मी त्याला समजावलं की मोठ्यांच्या साहित्य संमेलनांतून बरेच परिसंवाद याच पद्धतीनं पार पडतात. त्याला काही ते पटलं नाही.

पाहुण्यांचं नाव ठरत नव्हतं, कारण शाळेला 'पुरस्कारप्राप्त' हवा होता. तेव्हा पुरस्काराचंही सांगून टाकतो. साहित्य अकादमी मोठ्यांच्या पुस्तकाला एक लाख रुपये देते आणि बालसाहित्याला पन्नास हजार. एसटीच्या नियमाला धरूनच आहे हे. बारा वर्षांच्या आतला प्रवासी म्हटला की अर्धं तिकीट. फक्त इथं अर्धं तिकीट वाचकाच्या वयावरून लेखकाला फाडतात.

बालसाहित्याचा हा पुरस्कार 2010 साली सुरू झाला. मराठीतला पहिला अनिल अवचटांना. पुढच्या वर्षी 'बोक्या सातबंडे'साठी दिलीप प्रभावळकरांना, 2014 ला माधुरी पुरंदऱ्यांना. 2024 ला भारत सासण्यांच्या 'समशेर आणि भूतबंगला'ला आणि 2025 ला सुरेश सावंतांच्या 'आभाळमाया'ला. नावं चांगलीच आहेत, माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. उलट 2022 ला उदगीरच्या संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलेल्या माणसाला दोन वर्षांनी भूतबंगल्यासाठी गौरवावं, हे मला फार आवडलं. एरवी माजी अध्यक्ष भूतबंगल्याकडे फिरकत नाहीत, समित्यांवर जातात.

माझी अडचण परीक्षकांची आहे. बालसाहित्याचे परीक्षक तिघं, आणि तिघंही दाढी करण्याच्या किंवा केस रंगवण्याच्या वयाचे. बालनाट्याला बक्षीस देतात मोठे, बालकवितेला देतात मोठे, आणि सुंदर हस्ताक्षराला देतात ते, ज्यांचं स्वतःचं हस्ताक्षर औषधाच्या दुकानदाराखेरीज कोणाला लागत नाही. फ्रान्समध्ये 1988 पासून गोंकूर पुरस्काराचा एक शाळकरी अवतार चालतो. थोरांच्या पुरस्काराच्या यादीतल्या कादंबऱ्या आपल्या अकरावी-बारावीच्या वयाची सुमारे दोन हजार पोरं दोनेक महिन्यांत वाचतात, वर्गावर्गांत भांडतात आणि आपला निकाल लावतात. थोरांचं पुस्तक वेगळं, पोरांचं वेगळं, असं सर्रास होतं. कोणाचं आभाळ कोसळत नाही.

हे मी मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "निकष काय ठेवायचे?" मी सहावी ब ला विचारलं. निकष लगेच आला. "ताईनं हातातून ओढून नेलं तं आपण परत ओढून आणलं पायजे." बाई म्हणाल्या, हे प्रमाणपत्रावर कसं छापायचं?

कार्यक्रम झाला. मंचावर सात खुर्च्या, खाली सतरंजीवर तीन वर्ग. परिचय बावीस मिनिटं चालला. पाहुण्यांच्या मातोश्रींचं माहेर त्यातच कळलं. 'बुके नव्हे, बुक' या धोरणानुसार सातही जणांना पुस्तकं देण्यात आली. ज्यांच्या घरी तीन-तीन कपाटं आहेत त्यांना पुस्तक, आणि ज्यांच्या घरी एकही नाही त्या सतरंजीला बिस्किटाचा पुडा. लेखक मात्र माणूस बरा निघाला. आठ मिनिटांतच आटोपतं घेऊन म्हणाला, "आता तुम्ही विचारा."

नेमलेल्या मुलीनं प्रेरणा विचारली. नेमलेल्या मुलानं संदेश मागितला. मधे सहावी ब उठलं.

"सर, तुमचं पुस्तक आमच्या कपाटात आहे. काचेतून दिसते. शेवटी काय होते त्यात?"

लेखक हसला. "वाच ना मग."

"कुलूप आहे न सर."

मंचावर सातांपैकी सहा जण आपापल्या भेटपुस्तकाचं वेष्टन तपासू लागले. लेखक उठला, पायऱ्या उतरला आणि पोरामागून थेट वरांड्यात गेला. सतरंजी त्याच्यामागं गेली. मीही गेलो, वार्ताहर म्हणून जावंच लागतं.

लोखंडी कपाट, पुढं काच. आत 'किशोर'चे बांधीव अंक होते. हे मासिक 14 नोव्हेंबर 1971 ला सुरू झालं. वरच्या गठ्ठ्याची सुतळी तेव्हापासून कोणी सोडली नसावी. मधल्या फळीवर लेखकाचं पुस्तक, पाठीकडून दिसणारं. काचेवर बोटांचे ठसे होते, सगळे एकाच उंचीवर, सहावीच्या.

"चावी कोणाकडे?" लेखकानं विचारलं.

ग्रंथालय ज्या सरांकडे, ते मतदार याद्यांच्या कामावर होते. फोन लावला तर सर कोणाच्या तरी तिसऱ्या मजल्यावर, मयत मतदाराची खात्री करत होते. म्हणाले, चावी खिशातच आहे, हरवू नये म्हणून. शिपाईमामा हातोडी घेऊन आले. बाई म्हणाल्या, कपाट डेडस्टॉकला नोंदलेलं आहे, तोडता येणार नाही.

मग लेखक वरांड्यातच फरशीवर बसला आणि गोष्टीचा शेवट सांगायला लागला. हॉलमधून माईकवर आभारप्रदर्शन ऐकू येत होतं. शेवट ऐन रंगात आला तशी सहावी ब नं त्याला थांबवलं.

"राहू द्या सर. सर सोमवारी येनार आहेत."